चन्नम्मा पोहत नव्हती

प्रति,
मेहेरबान अव्वल तालुकदार साहेब,
जिल्हा उस्मानाबाद, यांचे सेवेशी

अर्जदार : ईरण्णा महालिंगप्पा कोरे, वय वर्षे एकसष्ट, धंदा शेती, राहणार मौजे बेनूर, बोरी नदीकाठ, नळदुर्गच्या खालच्या अंगाला.

विषय : माझी मयत मुलगी चन्नम्मा हिच्या पंचनाम्यात "पोहत असता बुडाली" असे लिहिले आहे ते खोटे असल्याने दुरुस्त होणेबाबत, व त्यावरून निघालेला नदीबंदीचा हुकूम मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) पंचनामा, श्रावण शुद्ध चतुर्थी, फसली सन १३५४. २) तालुका कचेरीचा हुकूम, त्याच महिन्यातला. ३) माझे यापूर्वीचे तीन अर्ज, ज्यांचे उत्तर नाही.

मेहेरबान साहेब,

१. विनंती विशेष. अर्जदारास उर्दू लिहिता येत नाही, म्हणून हा अर्ज मराठीत आहे. कचेरीत जे कोणी साहेबांना वाचून दाखवतील त्यांनी मधले गाळू नये, ही त्यांना हात जोडून विनंती. आमच्या शाळेचे मास्तर शांतलिंग यांनी "सदर" आणि "उपरोक्त" कुठे घालावे ते मला दाखवले, आणि एका पानात आटोपा म्हणाले. आधीचे तिन्ही अर्ज एका पानातच आटोपले होते. त्यांचे काय झाले ते कोणी सांगत नाही. म्हणून या वेळी मी आटोपणार नाही. मी स्वभावाने तापट आहे, हे गावात कोणीही सांगेल. लिहिताना जपतो आहे, पण जिथे जपणे सुटेल तिथे साहेबांनी माफी करावी.

२. बेनूर गावाला बोरी नदी तीन अंगांनी वळसा घालते. वळणावर डोह आहे, त्यास गायडोह म्हणतात. भर वैशाखातही त्याचा तळ दिसत नाही. सदर डोहात गेली बत्तीस वर्षे मी गावच्या पोरांना पोहायला शिकवत आलो. शिवरात्र झाली आणि पाण्यातला गारठा गेला की सुरुवात करायची, ते मृगापर्यंत. रीत अशी की वाळवलेले कडू भोपळे चार, अंबाडीच्या दोरीने पोराच्या पाठीला बांधायचे. पोरगं हातपाय मारायला लागलं की एक सोडायचा. पुढे दुसरा, मग तिसरा. शेवटचा भोपळा सुटतो त्या दिवशी पोराची आई नदीवर येते, त्याला ओवाळते आणि काठावर असतील त्यांना गूळ वाटते. कोणाचे किती भोपळे राहिले हे आमच्याकडे घराघरात ठाऊक असते. मला एक नारळ मिळतो.

३. हुकूम काढणाऱ्यांना वाटते तशी ही मस्ती नव्हे, म्हणून माझे कायदे इथे लिहितो. नदीला गढूळ पाणी आले की तीन दिवस काठावर बसायचे. काठाच्या एका दगडावर मी शेंदराचा पट्टा ओढला आहे, तो पाण्याखाली गेला की कोणी उतरायचे नाही, मीसुद्धा नाही. शेतातून घामाघूम आलात तर आधी सावलीत बसा, मग डोके ओले करा, मग बेंबी, मग उतरा. जिथे पायाने तळ पाहिला नाही तिथे सूर मारायचा नाही. एकट्याने कधीच जायचे नाही. भोवऱ्यात सापडलात तर त्याच्याशी भांडू नका, दम धरून खाली जा आणि आडवे निघा. बुडणाऱ्याला हात देऊ नका. भोपळा द्या, दोरी द्या, अंगावरचे धोतर सोडून द्या. हात दिला की दोघे जातात. हे सगळे मी ओरडून ओरडून सांगतो, कारण पाण्यात पोराला हळू बोललेले ऐकू येत नाही. बत्तीस वर्षांत माझ्या हाताखालचे एकही पोर बुडालेले नाही. हे मी पूर्वी छाती काढून सांगत असे. आता नुसते कळवतो.

४. चन्नम्मा माझी एकुलती एक मुलगी. भोपळ्यांचे सगळे काम तिचे. वेलावरचा भोपळा कधी तोडायचा, देठाशी भोक पाडून आतला गर कसा काढायचा, सावलीत किती दिवस आणि उन्हात किती दिवस ठेवायचा, मेणाने तोंड कसे बंद करायचे, हे ती सात वर्षांची असल्यापासून करी. भोपळ्याला कुठे बारीक चीर असेल तर ती नुसता बोटाने वाजवून सांगायची. मी पोरांना शिकवत असे तेव्हा ती काठावर करंजाच्या झाडाखाली बसून दोऱ्या वळायची. नऊ वर्षांची असताना तिने एकदा सगळ्यांदेखत मला विचारले, "अप्पा, भोपळे म्या वाळवायचे अन् पोहायचं निस्त्या पोरांनी?" मी हसलो. पाण्यातली पोरं हसली. मी म्हणालो, "तुला पोहून काय करायचंय बाई, रांजणात पोहणार हाईस का?" तीही हसली, आणि पुन्हा तिने कधी विचारले नाही. आमच्याकडे मुलींना पाण्यात घालत नाहीत. का घालत नाहीत, असे मला कोणी विचारले नव्हते, आणि मीही कोणाला विचारले नाही. ही गोष्ट मी विसरून गेलो होतो. गेल्या श्रावणापासून रोज आठवते.

५. तिला माकणीस दिली होती. लग्नाला दोन वर्षे झाली होती. पंचमीसाठी ती माहेरी आली. आदल्या दिवशी, म्हणजे चतुर्थीस, मी तिच्यासाठी पंचमीचे लुगडे आणायला नळदुर्गच्या बाजारात गेलो होतो. गडीमाणसे शेतात होती. बायका धुणे घेऊन डोहाच्या वरच्या अंगाला गेल्या. चन्नम्मा धरून बारा जणी, आणि शेजारच्या घरची रुद्रम्मा, वय वर्षे आठ. रुद्रम्मा घोंगडे खळबळताना शेवाळावरून घसरली आणि घोंगड्यासकट डोहाकडे निघाली. बायका ओरडू लागल्या. चन्नम्मा मात्र ओरडली नाही. तिने करंजावर दोरीने टांगलेले चार भोपळे दोरीसकट ओढले आणि फेकले. ते अलीकडेच पडले. म्हणून ती कमरेइतक्या पाण्यात गेली आणि धुण्याच्या काठीने भोपळे पुढे ढकलले. रुद्रम्माला दोरी हाती लागेना, तेव्हा तिने दातांनी धरली. चन्नम्मा तिला सांगत होती, "रुद्रे, भांडू नगं पाण्याशी. भोपळा पोटाखाली घे. मान वर धर, पाय झाड." हे अकरा जणींनी ऐकले आहे. हे शब्द माझे आहेत. तिने हात दिला नाही, भोपळा दिला. शेंदराचा पट्टाही त्या दिवशी पाण्याच्या वर होता. माझा एकही कायदा तिने मोडला नाही.

रुद्रम्मा वाहत वाहत खालच्या अंगाला, जिथे नदी उथळ होते, तिथे काठाला लागली. सगळ्या बायका तिकडे धावल्या. मागे वळून बघतात तर चन्नम्मा जिथे उभी होती तिथे नव्हती. तिथे पाण्याखाली खडकाची कड संपते आणि पुढे एकदम खोल आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या दर पोराला ती कड पायाने माहीत आहे. चन्नम्माला ती ऐकून माहीत होती. अकरा बायका काठावर होत्या. अकराही जणींच्या घरात नवरा, भाऊ नाहीतर मुलगा माझ्याकडे शिकलेला आहे. अकरांतल्या एकीलाही पोहता येत नव्हते.

मी दुपारी आलो. तिला मीच वर आणली. बुडी मारून तळ चाचपायला माझ्याइतके गावात कोणाला येत नाही, म्हणून मीच गेलो. यापुढचे मला लिहिता येत नाही. नवे लुगडे तिला त्याच दिवशी नेसवले.

६. आता खोटे कसे लिहिले गेले ते कळवतो. पोलीस पाटील आण्णासाहेब सज्जन आहेत, त्यांच्याशी माझे वाकडे नाही. ते म्हणाले, खरे लिहायचे तर अकरा बायकांच्या जबान्या लागतील, बायकांना पोलीस ठाण्याच्या अमीन साहेबांसमोर उभे करावे लागेल. कोणाच्याच घरचे त्यास तयार नव्हते. नुसते "पाण्यात सापडली" असे लिहिले तर संशयाची मयत होते. मग सासरी जाच होता काय याची चौकशी, आणि प्रेत उस्मानाबादेस चिरायला जाणार. साहेब, आम्ही लिंगायत, आमच्यात माणूस बसवून पुरतात, त्याच्या गळ्यातले इष्टलिंग त्याच्या हातात देतात. माझी पोर चिरून परत यावी आणि मी तिला बसवावी, हे माझ्याने होणार नव्हते. तेव्हा पाटलांनी तोड काढली. पोहणाऱ्याची मुलगी, माहेरी आली, हौसेने एकटीच पोहायला गेली, दम तुटला, बुडाली. यात कोणाची जबानी नको आणि कोणावर बालंटही नाही. मला वाचून दाखवले. मी म्हटले द्या इकडे, मी वाचतो. मी वाचले, आणि खाली सही केली. अंगठा नव्हे, सही. त्या वेळी मला ती एक ओळ फार लहान वाटली.

७. त्या एका ओळीवरून तालुक्याच्या कचेरीने हुकूम काढला. बेनूरच्या हद्दीत नदीत पोहणे, डुंबणे, सूर मारणे व इतरांस पोहावयास शिकवणे बंद. मोडेल त्यास हवालात. कारण काय, तर पोहण्याने एक जीव गेला. दवंडी आमच्या गावात पिटली आणि नदीकाठच्या साऱ्या गावांत पिटली. बातमी बाजारामागून बाजार करत माकणीपर्यंत गेली. तिथे तिच्या सासूने ऐकले की सून एकटीच नदीत डुंबायला गेली होती. तिने निरोप पाठवला, "लग्नाची बाई अशी नदीत खेळायला जाते व्हय? आमचा तिचा संबंध न्हाय." पुढच्या विधीला त्या घरचे कोणी आले नाही. माझी बायको शिवम्मा हिने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणे सोडले आहे. भाकरी वाढते. बोलत नाही. तिचे बरोबर आहे.

८. हुकूम नीट वाचला असता असे दिसते की धुणे धुणे, पाणी भरणे, म्हशी पाजणे यांस मनाई नाही. म्हणजे ज्यांना पोहता येते त्यांनी पाण्याजवळ जायचे नाही, आणि ज्यांना येत नाही त्यांनी रोज सकाळी जायचे. हा अर्थ माझ्याच डोक्यातून निघाला की काय म्हणून मी मास्तरांना विचारले. मास्तर कागद दोनदा वाचून म्हणाले, अर्थ हाच निघतो. मार्गशीर्षात त्याच धुण्याच्या दगडावरून आणखी एक बाई घसरली. तिला केसांना धरून दुसरीने ओढले, म्हणून निभावले. पोहणारे चौघे जण करंजाखाली बसले होते. हुकूम मोडावा की नाही हे त्यांचे ठरेपर्यंत ती बाहेर आली होती. असे विचार करत बसणारे पोरगे मी बत्तीस वर्षांत एकही तयार केले नव्हते.

९. हुकूम पाळला जावा म्हणून डोहावर एक पोलीस जवान बसवण्यात आला. नाव बब्रुवान. हा भूमकडचा, तिकडे सगळे कोरडे, एवढे पाणी त्याने जन्मात पाहिले नव्हते. माणूस गरीब आहे. पौषात एका म्हशीला हाकलताना तो पट्ट्याच्या दगडावरून पाय घसरून काठीसकट डोहात गेला. मी जवळ होतो. मी ओरडलो की भांडू नका, उताणे व्हा, पण पाण्यात पडलेला जवान कोणाचे ऐकत नाही. मी धोतर सोडून टाकले, ते त्याला धरता येईना, तेव्हा मी उतरलो आणि मागून जाऊन त्याला बाहेर काढला. पोटातले पाणी काढले. त्याने माझे पाय धरले. दुसऱ्या दिवशी वर्दी ओली का आणि काठी कुठे याचा जाब त्याला द्यावा लागला. त्याने घडले तसे सांगितले. त्यावरून अर्जदाराने हुकूम असताना नदीत प्रवेश केला असे ठरून मला दोन दिवस हवालातीत ठेवण्यात आले. तक्रार करत नाही. फक्त सदर जवानास पाण्यात न उतरता कसे काढावयास हवे होते, ते कचेरीने लेखी कळवावे, म्हणजे पुढच्या वेळी तसे करता येईल. बब्रुवान आता संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन बसतो. शिकवा म्हणतो. मी म्हणतो, तूच मला पकडशील.

१०. रुद्रम्माबद्दल कळवणे आवश्यक आहे. ती वाचली, पण कितीतरी दिवस ती घागरीजवळसुद्धा जात नव्हती. अंघोळीला आईने तांब्या उचलला की किंचाळायची. मकर संक्रांतीनंतर ती एकटी आमच्या दारात आली. ज्या दोरीने ती वाचली ती दोरी आणि त्या दोरीला बांधलेला एक भोपळा घेऊन आली होती. ते तिने माझ्यापुढे ठेवले. मग म्हणाली, "अप्पा, माझे भोपळे कवा बांधणार?" घरातून शिवम्मा बाहेर आली आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "बांधा." एवढेच.

नदीत शिकवणे बंद आहे. अंगणात शिकवणे बंद आहे असे हुकुमात नाही. म्हणून सध्या मी रुद्रम्माला आमच्या अंगणात, भुसा भरलेल्या पोत्यावर पालथी घालून, पाय झाडायला शिकवतो. आता तिच्याबरोबर आणखी तीन पोरी येतात. चार पोरी चार पोत्यांवर कोरड्यात पोहतात आणि मी ओरडतो. रस्त्याने जाणारे हसतात. हसू देत. पण साहेब, पोत्यावर कोणी बुडत नाही आणि पोत्यावर कोणी तरतही नाही. यापुढे पाणी लागते.

११. पंचनामा दुरुस्त करायचा तर पुरावा हवा, असे मागल्या खेपेस कचेरीतल्या एकाने तोंडी सांगितले. मी अकरा घरी गेलो. पहिल्या घरातून मला हाकलले. दुसऱ्या घरात नवरा नाही म्हणाला, बायको आतून हो म्हणाली, आणि तिथून पुढे सोपे गेले. तेव्हा ज्यांना अमीन साहेबांसमोर न्यायचे नव्हते त्या अकराही जणींनी या अर्जासोबत अंगठे दिले आहेत. साहेबांनी बोलावले तर पायी उस्मानाबादेस येऊ असे म्हणाल्या आहेत. मीच त्या दिवशी त्यांना विचारले असते तर त्या तेव्हाही आल्या असत्या, असे त्यांतली एक मला म्हणाली. पाटलांनीही खाली सही केली आहे. त्यांच्यावर राग धरू नये.

१२. तरी मागणी अशी :

(अ) पंचनाम्यातील "पोहत असता बुडाली" ही ओळ खोडावी. त्या जागी लिहावे की मयत चन्नम्मा हिने आठ वर्षांच्या मुलीस वाचवले, आणि ती बुडाली कारण तिला पोहता येत नव्हते, आणि तिला पोहता येत नव्हते कारण तिचा बाप ईरण्णा महालिंगप्पा कोरे, जो साऱ्या गावास शिकवत असे, त्याने तिला शिकवले नाही. हे असेच लिहावे. बाप हा शब्द गाळू नये.

(आ) सदर दुरुस्तीची दवंडी पिटावी. बेनूरला नाही पिटली तरी चालेल, इथे सगळ्यांना माहीत आहे. माकणीला पिटावी, आणि तिच्या सासरच्या दारासमोर थोडी थांबून पिटावी.

(इ) नदीबंदीचा हुकूम मागे घ्यावा. शिवरात्र तीन दिवसांवर आली आहे.

(ई) दर मंगळवारी व शुक्रवारी सकाळचे दोन तास गायडोह फक्त मुलींकरिता व बायकांकरिता राखून मिळावा. पाण्यात मी म्हातारा असेन, काठावर शिवम्मा असेल. त्या वेळी पुरुषांनी तिकडे फिरकू नये यासाठी जवान ठेवावयाचा तर बब्रुवान यास ठेवावे. तो पाठ करून बसेल.

(उ) खोट्या कागदावर जाणूनबुजून सही केल्याबद्दल मला जी सजा असेल ती द्यावी. फक्त ती मृगानंतर द्यावी, तोवर मला चार पोरी शिकवून होतील. चवथीला जरा वेळ लागेल, ती फार घाबरते.

१३. साहेबांचे घरी मुलगी असेल तर तिला उदंड आयुष्य लाभो. तिला पाण्यात घाला, असे सांगण्याचा मला अधिकार नाही, तरी सांगतो. अर्ज लांबला. लिहिताना हात दोन ठिकाणी थांबला, तिथे शाई पसरली आहे. ते डाग नवीन कागद घेऊन काढता आले असते, पण मास्तरांकडचा कागद संपला.

कळावे. आपला नम्र, आणि गुन्हा कबूल असलेला,

ईरण्णा महालिंगप्पा कोरे
(स्वतःची सही, पूर्ण शुद्धीत, वाचून)

मुक्काम बेनूर
माघ वद्य एकादशी, फसली सन १३५५

सोबत :

१) नदीबंदीच्या हुकुमाची नक्कल.

२) अकरा बायकांचे अंगठे, शिवाय एक लहान अंगठा, रुद्रम्माचा. तो घेण्याचा कायदा नसेल तर सोडून द्यावा, पण तिने हट्ट धरला.

३) पोलीस पाटील आण्णासाहेब यांची सही.

४) वाळवलेला भोपळा एक, अंबाडीच्या दोरीसह. दोरीवर दातांचे वण आहेत ते पाहावेत. भोपळा चन्नम्माने वाळवलेला आहे, चीर कुठेही नाही, साहेबांनी बोटाने वाजवून बघावा. पाहून झाल्यावर कृपा करून परत पाठवावा. दर पोरीला चार लागतात, आणि रुद्रम्माचे चारही अजून सुटायचे आहेत.